लुमुंबा, कासावुबु आणि बाविसावं कलम

24 जून 1960 ची पहाट. लिओपोल्डविलच्या, म्हणजे आजच्या किन्शासाच्या, नव्याकोऱ्या संसदेत विश्वासदर्शक ठरावावरचं मतदान आटोपलं तेव्हा दोन वाजून गेले होते. 137 खासदारांच्या सभागृहात पॅट्रिस लुमुंबांच्या मंत्रिमंडळाला 74 मतं पडली. विरोधात 5, तटस्थ 1. वरवर पाहिलं तर सरकार आरामात तरलं असं वाटतं. पण बहुमताचा आकडा 69 होता, आणि त्या रात्री 57 खासदार सभागृहाकडे फिरकलेच नव्हते. गैरहजरांत सगळे विरोधकच होते असं नाही. ज्यांच्या पक्षाला खाती मिळाली होती असेही काही त्यात होते. हवं ते खातं न मिळाल्याचा राग, आपल्या प्रांताला डावलल्याची सल आणि वारा कुठे वाहतो ते पाहू म्हणून घरी बसणं, हे सगळं पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. देश स्वतंत्र व्हायला अजून सहा दिवस अवकाश होता.

बेल्जियमची वसाहत राहिलेल्या काँगोचं हे पहिलं सरकार 30 जूनला कारभार पाहू लागलं आणि 5 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष कासावुबु यांनी पंतप्रधान लुमुंबांना बडतर्फ केल्याचं रेडिओवरून सांगितलं. मधले दिवस 67. या दिवसांबद्दल लिहिताना शीतयुद्ध आणि खनिजं या दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्याच आहेत. मला मात्र या सगळ्यात सर्वाधिक खुपत आलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकातली आहे. काँगोसाठी तात्पुरती घटना म्हणून जो ‘मूलभूत कायदा’ तयार झाला, तो ब्रुसेल्समध्ये बेल्जियमच्या राज्यघटनेवरून बेतला गेला. त्याच्या बाविसाव्या कलमात एक छोटं वाक्य होतं: राष्ट्रप्रमुख पंतप्रधानांची आणि मंत्र्यांची नेमणूक करतो आणि त्यांना दूर करतो. बेल्जियममध्ये राजाच्या नावे असलेला हा अधिकार शोभेचा होता. संसदेचा विश्वास असलेल्या पंतप्रधानाला राजाने आपल्या मर्जीने घरी पाठवावं, असं तिथे कुणाच्या मनातही येत नसे. तो संकेत तिथल्या राजकारण्यांच्या अंगवळणी पडायला सव्वाशे वर्षं लागली होती. काँगोला वाक्य मिळालं, संकेत मिळाला नाही.

सरकार जमवतानाच या कलमाची सावली पडलेली दिसते. मे महिन्याच्या निवडणुकीत लुमुंबांच्या ‘एमएनसी’ पक्षाला 33 जागा मिळाल्या. कुठलाही दुसरा पक्ष त्याच्या जवळपास नव्हता, पण 137 मध्ये 33 म्हणजे पाव हिस्साही नाही. बाकीचे बहुतेक पक्ष एकेका प्रांताचे किंवा एकेका जमातीचे. कासावुबुंच्या ‘अबाको’चे 12 खासदार होते आणि ते सगळे राजधानीच्या आसपासच्या बाकोंगो लोकांचे. कटांगा प्रांतात मोइझ चोंबेंचा ‘कोनाकाट’ 8 जागांवर होता. वसाहतीच्या सरकारने पाठबळ दिलेल्या ‘पीएनपी’ची लोकांनी अशी ख्याती करून ठेवली होती की हा गोऱ्यांच्या जवळच्यांचा पक्ष आहे.

ही मोट बांधायचं काम कुणाला द्यायचं हे ठरवायला ब्रुसेल्सने गान्शॉफ व्हान डर मेर्श या मंत्र्याला लिओपोल्डविलला पाठवलं होतं. त्याने 13 जूनला लुमुंबांना चाचपणी करायला सांगितलं, 17 तारखेला ते काम काढून घेतलं आणि 12 खासदारांचे नेते कासावुबु यांना सरकार बनवायचं आमंत्रण दिलं. बेल्जियमला लुमुंबा नको होते, हे त्या चार दिवसांत सगळ्या शहराला कळलं. पण 21 जूनला सभागृहाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि लुमुंबांच्या पक्षाचे जोझेफ कासोंगो निवडून आले. आता आकडे कुणाच्या बाजूला आहेत ते झाकणं शक्य नव्हतं. त्याच दिवशी लुमुंबांना बोलावणं आलं. 23 तारखेला त्यांनी यादी संसदेत ठेवली, म्हणजे डझनभर पक्ष आणि गटांचे दावे मिटवायला हाती दोन दिवस होते. यादीत मंत्री, राज्यमंत्री आणि सचिव धरून 37 जण. उपपंतप्रधान अँत्वान गिझेंगा दुसऱ्या पक्षाचे, परराष्ट्रमंत्री जुस्तँ बोंबोको तिसऱ्याच गटाचे, अर्थखातं अबाकोला. कटांगाच्या वाट्याला आलेलं चोंबेंना पुरेसं वाटलं नाही. कसाई प्रांतातले आल्बेर कलोंजी मंत्रिमंडळाच्या बाहेरच राहिले. पुढच्या सात आठवड्यांत देशाचे जे दोन तुकडे फुटले ते नेमके याच दोघांच्या हाताने, एवढं लक्षात ठेवलं तर खातेवाटपाच्या त्या दोन रात्रींचं वजन कळतं.

खरा सौदा होता राष्ट्राध्यक्षपदाचा. जां बोलिकांगो हे जुने, वजनदार पुढारी. लुमुंबांचा पाठिंबा आपल्याला मिळणार अशी त्यांची समजूत झाली होती. पण राजधानी कासावुबुंच्या लोकांची होती. बाकोंगोंना दुखावून लिओपोल्डविलमध्ये सरकार चालवता येणार नाही हे लुमुंबांच्या जवळच्यांनी त्यांच्या गळी उतरवलं. 24 जूनला दोन्ही सभागृहांनी मिळून मतदान केलं: कासावुबु 159, बोलिकांगो 43. बोलिकांगोंना राष्ट्राध्यक्षपद नाही आणि मंत्रिपदही नाही. मला हा निर्णय त्या घडीला शहाणपणाचा वाटतो. लुमुंबांनी आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याला सरकारच्या बाहेर ठेवलं नाही, सर्वांत मानाच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या हाताशी बाविसावं कलम आहे याकडे त्या गडबडीत कुणाचं लक्ष गेल्याचं दिसत नाही.

दोघे स्वभावाने दोन टोकांचे. कासावुबु धर्मगुरू होण्यासाठी शिकलेले, मितभाषी, तासन्‌तास समोरच्याचं ऐकून घेणारे. 1957 मध्ये राजधानीतल्या डेंडाल भागाचे ते निवडून आलेले नगरप्रमुख झाले. देश संघराज्य असावा, प्रांतांच्या हाती भरपूर अधिकार असावेत हा त्यांचा आग्रह. लुमुंबा स्टॅनलीविलच्या पोस्टातले कारकून. तिथल्या पैशांच्या अफरातफरीबद्दल शिक्षा भोगून राजधानीत आले आणि ‘पोलर’ नावाच्या बिअरच्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागले. वस्तीवस्तीतल्या गुत्त्यांत, बारमध्ये बिअरचा प्रचार करता करता त्यांनी शहर पाठ केलं आणि त्यांच्या बोलण्यावर लोक जीव टाकायला लागले. त्यांना हवा होता एकसंध देश, मजबूत केंद्र. जानेवारी 1960 मध्ये ब्रुसेल्सच्या गोलमेज परिषदेत स्वातंत्र्याची तारीख ठरत होती तेव्हा ते काँगोत तुरुंगात होते. काँगोच्या सगळ्या प्रतिनिधींनी त्यांच्याशिवाय बोलणी नकोत असा हट्ट धरला, म्हणून त्यांना सोडून विमानाने आणलं गेलं. मनगटांवर बेड्यांचे वळ तसेच होते. त्या परिषदेत ठरलं, 30 जून. तयारीला पाच महिने. देश महाराष्ट्राच्या साडेसात पट, विद्यापीठाची पदवी घेतलेले काँगोली विसाच्या आत, आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नाही.

या मंत्रिमंडळाच्या आतल्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः थॉमस कांझांमुळे. वय 26, बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठाचे पदवीधर, संयुक्त राष्ट्रांतले काँगोचे प्रतिनिधी म्हणून लुमुंबांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं होतं. त्यांचे वडील अबाकोतले मोठे नेते आणि कासावुबुंशी बिनसलेले, त्यामुळे दोन्ही घरांतलं राजकारण कांझा जवळून जाणत होते. पुढे त्यांनी हे सगळं पुस्तकात लिहून ठेवलं. 30 जूनच्या सकाळी लुमुंबांनी त्यांना आणि सहकारी आंद्रे मांडींना घरी बोलावून एक भाषण दाखवलं. कार्यक्रमपत्रिकेत लुमुंबांचं भाषणच नव्हतं. बेल्जियमचे राजे बोदुआँ बोलणार, राष्ट्राध्यक्ष उत्तर देणार, सही होणार, एवढाच बेत. कांझा आणि मांडी यांनी काही वाक्यांची धार कमी केली. पण दोघांनाही कळत होतं की हे कागद वाचले गेले तर दिवस वेगळा उजाडणार.

समारंभ संसदेच्या इमारतीत होता. बोदुआँ 29 वर्षांचे. त्यांनी काँगोचं स्वातंत्र्य म्हणजे आपल्या पूर्वजाच्या, दुसऱ्या लिओपोल्डच्या, प्रतिभेने आरंभलेल्या कार्याची परिणती असल्याचं सांगितलं. रबरासाठी माणसांचे हात तोडणारी राजवट ज्याच्या नावाने चालली त्या राजाची ही स्तुती, आणि ऐकणाऱ्यांत त्या माणसांची नातवंडं बसलेली. कासावुबु उठले. त्यांचं भाषण सौम्य होतं, पण शेवटी राजाला उद्देशून असलेला गौरवाचा भाग त्यांनी वाचलाच नाही. त्यांचा राग असा, गाळलेल्या ओळींतून बोलणारा. दरम्यान लुमुंबा मांडीवर कागद ठेवून पेनने खाडाखोड करत होते, शब्द घालत होते. अध्यक्ष कासोंगोंनी त्यांचं नाव पुकारलं आणि बेल्जियन पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. लुमुंबांनी भाषणाची सुरुवातच राजाला नव्हे तर काँगोच्या लढणाऱ्या स्त्रीपुरुषांना उद्देशून केली. पोट भरणार नाही अशा मजुरीवर राबवून घेणं, सकाळ-दुपार-संध्याकाळ खाल्लेले अपमान आणि मार, काळा आहे म्हणून केलेलं अरे-तुरे, हिसकावलेल्या जमिनी, हे सगळं त्यांनी राजाच्या समोर उभं राहून मोजून सांगितलं. काँगोली खासदार पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवत होते. रेडिओवरून ते सगळ्या देशाने ऐकलं.

राजा तडक परत जायला निघाला होता. बेल्जियमचे पंतप्रधान एस्केन्स यांनी मनधरणी केली, जेवण लांबलं, आणि जेवणाच्या वेळी लुमुंबांनी बेल्जियमचे आभार मानणारं दुसरं, गोड भाषण केलं. त्या दुसऱ्या भाषणाने कुणाचंच समाधान झालं नाही. मी हे पहिलं भाषण अनेकदा वाचलं आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि ते त्या दिवशी कुणीतरी बोलायलाच हवं होतं असं मला वाटतं. आघाडीच्या दृष्टीने मात्र त्या सभागृहात आणखी एक गोष्ट घडली: एका सरकारच्या दोन प्रमुखांनी काय बोलायचं हे आपसांत ठरवलेलंच नव्हतं, हे सगळ्या जगाने पाहिलं. युरोपच्या राजधान्यांनी तिथेच मनाशी ठरवलं की यांतला कोण आपल्याला चालण्यासारखा आहे.

यानंतर पाच दिवसांत सैन्य बिथरलं. ‘फोर्स पुब्लिक’ या सुमारे 25,000 जवानांच्या दलाचे सगळे अधिकारी बेल्जियन होते आणि सेनापती एमिल यान्सेन्स यांना त्यात तसूभरही बदल नको होता. जवान कुरकुरायला लागले तेव्हा 5 जुलैला यान्सेन्सनी त्यांना एकत्र केलं आणि फळ्यावर खडूने लिहिलं: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. शिक्षकाने समीकरण सोडवून दाखवावं तसं. त्याच दिवशी थाइसविलच्या छावणीत बंड झालं आणि ते राजधानीपर्यंत पसरलं. लुमुंबांनी सरसकट सगळ्या जवानांना एक हुद्दा वर चढवलं, यान्सेन्सना काढलं, आणि 8 जुलैला नवे प्रमुख नेमले. सेनापती झाले व्हिक्तॉर लुंडुला, जे दुसऱ्या महायुद्धात वैद्यकीय दलात सार्जंट होते आणि नुकतेच जादोविल शहराचे नगरप्रमुख झाले होते. त्यांच्या हाताखाली कर्नल म्हणून आले लुमुंबांचे खाजगी सचिवासारखे वावरणारे विश्वासू जोझेफ मोबुतु. पूर्वी सैन्यात कारकुनी केलेली, नंतर पत्रकार. जवानांची भाषा येणारा आपला माणूस, असा लुमुंबांचा हिशेब होता. सीआयएचे लॅरी डेव्हलिन मोबुतुंना ब्रुसेल्सच्या त्या गोलमेज परिषदेच्या वेळीच भेटलेले होते.

10 जुलैला बेल्जियमने आपल्या नागरिकांच्या रक्षणाचं कारण देऊन छत्रीधारी सैनिक उतरवले. 11 तारखेला चोंबेंनी कटांगा स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. देशाचं तांबं, कोबाल्ट आणि तिजोरीत येणारा मोठा पैसा त्याच प्रांतात. आणि इथेच मला या दोघांबद्दल सर्वांत जास्त आत्मीयता वाटते, कारण पुढचे काही दिवस कासावुबु आणि लुमुंबा एकाच विमानात होते. बंडाने पेटलेल्या गावांत दोघे बरोबर जात, जवानांशी बरोबर बोलत. 12 जुलैला त्यांचं विमान कटांगाच्या राजधानीवर, एलिझाबेथविलवर, पोचलं. चोंबेंचे गृहमंत्री मुनोंगो यांनी उतरायला परवानगी दिली नाही. आपल्याच देशातल्या विमानतळावर राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघांनाही मज्जाव. विमान वळून लुलुआबुर्गला गेलं. दोघांच्या सहीने संयुक्त राष्ट्रांना तार गेली: बेल्जियमच्या आक्रमणाविरुद्ध फौज पाठवा.

त्याच दिवशी लिओपोल्डविलमध्ये मागे राहिलेल्या मंत्र्यांनी, गिझेंगा आणि बोंबोको यांनी, अमेरिकेच्या राजदूताला भेटून 3,000 अमेरिकन सैनिक मागितले. त्यांना विमानातल्या दोघांचं काय चाललंय ते माहीत नव्हतं, आणि विमानातल्या दोघांना यांचं. एकाच सरकारच्या दोन मागण्या, एक न्यूयॉर्ककडे आणि एक वॉशिंग्टनकडे. याकडे बाहेरच्यांनी अडाणीपणा म्हणून पाहिलं. मला त्यात दिसतं ते दळणवळण तुटलेल्या देशात दोन आठवड्यांच्या मंत्र्यांनी हाताला येईल ते धरण्याची धडपड. 14 जुलैला कासावुबु आणि लुमुंबांनी बेल्जियमशी संबंध तोडले आणि ख्रुश्चेव्ह यांना तार केली: परिस्थितीवर नजर ठेवा, वेळ पडली तर मदत मागू. त्यावरही दोघांची सही होती. पुढे ‘लुमुंबा कम्युनिस्ट आहेत’ याचा पुरावा म्हणून ही तार शेकडो वेळा दाखवली गेली. कासावुबुंचं नाव त्या वेळी कुणी घेत नसे. त्याच दिवशी किंडूहून स्टॅनलीविलला जायला निघालेलं या दोघांचं विमान बेल्जियन वैमानिकाने त्यांना न विचारता लिओपोल्डविलला नेऊन उतरवलं. तिथे विमानतळ बेल्जियन सैन्याच्या ताब्यात होता आणि देश सोडून निघालेल्या गोऱ्यांच्या गर्दीने लुमुंबांना शिव्या घातल्या.

संयुक्त राष्ट्रांची फौज काही दिवसांत आली, पण ती कटांगात शिरून चोंबेंना हटवायला तयार नव्हती. लुमुंबा चिडत गेले. 22 जुलैला ते अमेरिकेला निघाले. निघण्याआधी त्यांनी एडगर डेटवायलर नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाबरोबर देशाची संपत्ती विकसित करण्याचा 50 वर्षांचा करार केला. दोन अब्ज डॉलरच्या गोष्टी करणाऱ्या या माणसामागे तेवढं बळ नाही हे अमेरिकेत पोचल्यावर उघड झालं. मंत्रिमंडळात यावर नीट चर्चा झाली असती तर ही नामुष्की टळली असती. वॉशिंग्टनमध्ये त्यांना ब्लेअर हाउसमध्ये उतरवलं, याचा बेल्जियमला राग आला. आयझेनहॉवर शहरातच नव्हते. परतीच्या वाटेवर ट्युनिस, राबात, कोनाक्री, मन्रोव्हिया, आक्रा, लोमे असा फेरा करून ते 8 ऑगस्टला घरी पोचले. सतरा दिवस पंतप्रधान बाहेर आणि राष्ट्राध्यक्ष राजधानीत. जुलैमधल्या विमानप्रवासाने जोडलेलं या काळात उसवत गेलं असं माझं वाचन आहे. कासावुबुंच्या घरी त्यांचे बेल्जियन सल्लागार व्हान बिल्सेन होते, नदीपलीकडे ब्राझाव्हिलमध्ये त्यांच्याच भाऊबंदांतले राष्ट्राध्यक्ष यूलू होते, आणि अबाकोचे कार्यकर्ते लुमुंबांविरुद्ध रस्त्यावर उतरायला लागले होते.

लुमुंबा परतले त्याच सुमारास कलोंजींनी हिऱ्यांच्या खाणींचा दक्षिण कसाई वेगळा केला. लुमुंबांनी सोव्हिएत संघाकडून विमानं आणि ट्रक घेतले, सैन्य कसाईत पाठवलं. ऑगस्टच्या अखेरीस या सैन्याने बाक्वांगात बालुबा लोकांची कत्तल केली. बेशिस्त, उपाशी, बिनअधिकाऱ्यांचं सैन्य पाठवलं ही लुमुंबांच्या हातून झालेली फार मोठी चूक होती आणि त्या माणसांचे जीव त्यांच्या सरकारच्या खात्यावर आहेत. कासावुबु त्या बातम्यांनी हादरले यात मला शंका नाही. पण त्यांनी संसदेला हाक दिली नाही. त्यांनी बाविसावं कलम उघडलं.

5 सप्टेंबर, रात्री सव्वाआठच्या आसपास. कासावुबुंचा आवाज रेडिओवर आला. फार महत्त्वाची बातमी सांगायची आहे, असं म्हणून त्यांनी लुमुंबांचा उल्लेख पंतप्रधान न करता ‘नगरप्रमुख’ असा केला. स्वतः नगरप्रमुख राहिलेल्या माणसाची जीभ घसरली होती. त्याच वाक्यात पुढे ते म्हणाले की त्यांची नेमणूक बेल्जियमच्या राजाने केली होती. ही मात्र घसरलेली जीभ नव्हती. नेमणूक राजाची, राजाची जागा आता माझी, तर काढायचा हक्कही माझा, असा तो युक्तिवाद होता. संसदेची 74 मतं त्यात कुठेच नव्हती. लुमुंबांबरोबर सहा मंत्री बडतर्फ, नवे पंतप्रधान म्हणून सिनेटचे अध्यक्ष जोझेफ इलेओ.

तासाभरात लुमुंबा स्टुडिओत पोचले. त्या रात्री ते तीन वेळा रेडिओवर बोलले. संसदेने निवडलेलं सरकार संसदच काढू शकते, असं सांगत त्यांनी कासावुबुंनाच पदावरून दूर केल्याचं जाहीर केलं. इथे एक बारीक कायदेशीर गाठ होती. त्याच मूलभूत कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर एका तरी मंत्र्याची प्रतिसही लागत होती. ती मिळवली गेली: बोंबोको आणि अल्बेर देलव्हो यांची. पंतप्रधानांच्या बडतर्फीवर त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या दोघांच्या सह्या. 24 जूनच्या पहाटेची ती रिकामी बाकं मला या ठिकाणी आठवतात.

संयुक्त राष्ट्रांचं काँगोतलं काम त्या दिवसांत अँड्र्यू कॉर्डियर या अमेरिकन अधिकाऱ्याकडे होतं. असं काही होणार याची त्यांना आधीपासून कल्पना होती. त्यांनी विमानतळ बंद केले, दुसऱ्या दिवशी रेडिओ केंद्रही. कागदावर ही बंदी दोघांवर सारखीच. प्रत्यक्षात लुमुंबांचे समर्थक सैनिक स्टॅनलीविलहून विमानाने येऊ शकत नव्हते, तर कासावुबुंना नदीपलीकडचा रेडिओ ब्राझाव्हिल मोकळा होता. वक्तृत्व हेच ज्याचं शस्त्र त्याचाच माइक काढून घेतला गेला. याच 5 तारखेला लिओपोल्डविलला येऊन पोचले होते आपले राजेश्वर दयाळ. पाकिस्तानातल्या भारतीय उच्चायुक्तपदावरून संयुक्त राष्ट्रांचे महासचिव हमारशोल्ड यांनी त्यांना काँगोसाठी मागून घेतलं होतं. त्यांनी सूत्रं हाती घेतली 8 तारखेला, म्हणजे निर्णायक पावलं पडून गेल्यावर. पण नंतर ऑक्टोबरमध्ये मोबुतुंचे सैनिक लुमुंबांच्या अटकेचं वॉरंट घेऊन आले तेव्हा दयाळ यांनी लुमुंबांच्या घराभोवतीचा संयुक्त राष्ट्रांचा पहारा हटवायला नकार दिला. अमेरिकन राजदूत टिंबरलेक यांच्याशी त्यांचं त्यावरून कायमचं बिनसलं, पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना झोडपलं, आणि 1961 च्या मे महिन्यात त्यांना ते पद सोडावं लागलं. एका भारतीय अधिकाऱ्याने तिथे दाखवलेला हा ताठपणा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

आणि संसद? ती अजून जिवंत होती. 7 सप्टेंबरला लुमुंबा सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी विरोधकांचे मुद्दे एकेक करून खोडून काढले. सभागृहाने 60 विरुद्ध 19 मतांनी दोन्ही बडतर्फ्या रद्द ठरवल्या: राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानांना काढलेलं नको आणि पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांना काढलेलंही नको. दुसऱ्या दिवशी सिनेटनेही कासावुबुंचा निर्णय धुडकावला. या संसदेला पोरकट म्हणणाऱ्यांनी हा ठराव पुन्हा वाचावा. अडीच महिन्यांचं वय असलेल्या त्या सभागृहाने दोघांनाही सांगितलं होतं की भांडण मिटवा आणि एकत्र काम करा. ब्रुसेल्सच्या कायदेपंडितांनी जो संकेत पाठवला नव्हता, तो या खासदारांनी स्वतःहून मांडला. इलेओंनी विश्वासमत घेण्यासाठी सभागृहाला तोंडच दाखवलं नाही.

14 सप्टेंबरच्या रात्री मोबुतुंनी दोन्ही नेत्यांना वर्षअखेरपर्यंत ‘निष्प्रभ’ केल्याचं रेडिओवर सांगितलं. संसदेला टाळं लागलं, कारभार तरुण पदवीधरांच्या मंडळाकडे, त्याचे प्रमुख बोंबोको. दोघांना दूर करायचं म्हणून आलेल्या मोबुतुंनी थोड्याच दिवसांत कासावुबुंशी जुळवून घेतलं. लुमुंबांच्या घराभोवती मात्र दोन कडी पडली: आतलं संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांचं, त्यांना वाचवण्यासाठी, आणि बाहेरचं मोबुतुंच्या सैनिकांचं, त्यांना पकडण्यासाठी. याच सुमाराला सीआयएचा एक माणूस विष घेऊन डेव्हलिनकडे पोचला होता. ते वापरलं गेलं नाही, आणि डेव्हलिननी पुढे हे स्वतःच सांगितलं. 27 नोव्हेंबरच्या पावसाळी रात्री लुमुंबा गाडीत लपून निसटले, स्टॅनलीविलच्या दिशेने. वाटेत गावोगाव लोक त्यांना थांबवत, ते बोलत, वेळ जाई. सांकुरू नदी ओलांडून ते पलीकडे गेले होते. पत्नी पोलीन आणि लहानगा मुलगा मागच्या काठावर राहिले म्हणून ते परतले आणि पकडले गेले. 17 जानेवारी 1961 ला त्यांना, माजी क्रीडामंत्री मोरिस म्पोलो आणि सिनेटचे उपाध्यक्ष जोझेफ ओकितो यांना कटांगात नेऊन त्याच रात्री गोळ्या घातल्या. जागेवर बेल्जियन अधिकारी हजर होते. मृतदेह आम्लात नष्ट करणाऱ्या बेल्जियन पोलिसाने काढून ठेवलेला एक दात बेल्जियमने 2022 मध्ये कुटुंबाला परत केला. मारले गेले तेव्हा लुमुंबा 35 वर्षांचे होते.

बाविसाव्या कलमातला तो अधिकार मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. 1964 च्या नव्या घटनेतही पंतप्रधानांना काढण्याची ताकद राष्ट्राध्यक्षांकडे राहिली. कटांगाचे चोंबे स्वतःच देशाचे पंतप्रधान झाले, 1965 च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीने बहुमत मिळवलं, आणि 13 ऑक्टोबरला कासावुबुंनी त्यांना बडतर्फ करून एव्हारिस्त किंबा यांना नेमलं. संसदेने किंबांना विश्वासमत नाकारलं. कासावुबुंनी पुन्हा किंबांनाच नेमलं. 24 नोव्हेंबर 1965 ला मोबुतुंनी दुसऱ्यांदा सत्ता घेतली, या वेळी मुदत न सांगता, आणि ती 1997 पर्यंत सोडली नाही. किंबांना 1966 मध्ये जाहीर फाशी दिली गेली. चोंबे 1969 मध्ये अल्जीरियात स्थानबद्ध असताना वारले. कासावुबु राजकारणातून बाहेर पडून बोमाला राहायला गेले आणि त्याच वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं.